फिर्मँच्या सायकलमागे

सेंतावेरच्या मेयरबाईंचा असा पक्का समज होता की गावात पर्यटक वाढलेत. जुन्या आगगाडीचे रूळ उखडून त्यांनी नदीकाठाने सायकलींची वाट केली, तिच्यावर मोटारींना बंदी घातली, पुलाशी सायकली मोजणारं यंत्र बसवलं, आणि त्या यंत्रात ऑक्टोबरचा आकडा ऑगस्टपेक्षा मोठा निघाला. बाईंनी तो गावकचेरीच्या फळ्यावर लावून टाकला. खरं काय ते गावाला ठाऊक होतं, पण सांगणार कोण? ऑक्टोबरात त्या यंत्रापुढून जाणारे बहुतेक सगळे गावातलेच होते, साठी ओलांडलेले, आणि अळंबीसाठी निघालेले.

या खोऱ्यातला माणूस तुम्हाला तळघरातली जुनी दारू पाजील, मुलीच्या सासरची भांडणं सांगेल, पण सेप अळंबी कुठे उगवते ती जागा बायकोलाही सांगणार नाही. जागा बाप आपल्या एकाच मुलाला सांगतो, तीही डोळे मिटायच्या आधी. पूर्वी लोक मोटारीने जात, आणि रानाकडेला उभी असलेली ओळखीची मोटार म्हणजे जाहिरातच. मग ती जागेपासून दोन किलोमीटर लांब लावायची, हातात उगाच मासे धरायचा गळ घ्यायचा, असले उद्योग करावे लागत. सायकल मात्र नेच्यांत आडवी टाकली की कुणाला दिसत नाही. त्यामुळे वाट तयार झाली तशी सगळ्या म्हाताऱ्यांना एकाएकी व्यायामाची गोडी लागली.

ओदिल लाकाँब्रादला या व्यायामाचं हसू यायचं. ती सदुसष्ट वर्षांची. तीस वर्षं तिने याच गावात टपाल वाटलं होतं. पण त्या मंगळवारी सकाळी तीही साखळीला तेल घालून, मागे वेताची टोपली बांधून जुन्या स्टेशनच्या भिंतीआड उभी होती. तिला अळंबीचा माग काढायचा नव्हता, थोरल्या भावाचा, फिर्मँचा काढायचा होता.

तिचे वडील आबेल यांची जागा खोऱ्यात नाव काढण्यासारखी होती. इतरांना चार अळंब्या मिळायची मारामार, तेव्हा बाबा दोन टोपल्या भरून आणायचे. अठरा वर्षांपूर्वी ते इस्पितळात शेवटचे दिवस मोजत होते. ओदिल एक रात्र उशाशी बसली आणि पहाटे तिने धीर करून जागा विचारली. बाबा म्हणाले, "फिर्मँला विचार." पुढच्या रात्री फिर्मँ बसला, आणि त्याच्यासमोरच ते गेले.

म्हणजे बाबांनी फिर्मँला सांगितलं होतं, तिला नाही. तो थोरला होता म्हणून? की पोरगी दारोदार हिंडते, तिच्या तोंडात तीळ भिजणार नाही, असं त्यांना वाटलं? हे शल्य तिच्या मनातून कधी गेलं नाही. भावाला विचारायला ती गेली नाही. त्याने स्वतःहून येऊन सांगायला नको होतं? तो आला नाही, आणि बहीणभावाचं बोलणं तुटलं. पावाच्या दुकानात गाठ पडली तर "बोंजूर" तेवढं व्हायचं, कारण ते न म्हणणं वैऱ्यालाही शोभत नाही.

वर दर ऑक्टोबरात फिर्मँ आपल्या पायरीवर बसून, जाणाऱ्यायेणाऱ्याला दिसेल अशा बेताने, ढीगभर सेप सुरीने साफ करायचा. ओदिलच्या अंगाची लाही व्हायची. मग तीही हट्टाला पेटली. गुरुवारी बसने खोऱ्याच्या वरच्या अंगाच्या बाजारात जायची, सेप विकत घ्यायची, त्यांना माती आणि शेवाळ फासायची, आणि टोपलीवरचं फडकं जरासं सरकवून भावाच्या खिडकीखालून मुद्दाम हळू चालत जायची. आपल्यालाही एक जागा आहे, हे त्याला कळू दे.

पण यंदा तिचे गुडघे कुरकुरत होते. आणखी किती ऑक्टोबर सायकल मारता येईल, सांगता येत नव्हतं. एकदा तरी ती जागा डोळ्यांनी बघायची, असं तिने ठरवलं.

फिर्मँ आला. बॅटरीची नवी सायकल, मागे टोपली, टोपलीवर निळं फडकं. तो वळणाआड जाईपर्यंत ती थांबली आणि मग निघाली. धुकं नदीवरून वर येत होतं. मोटारींचा रस्ता असता तर एखाद्या ट्रकच्या आवाजात लपता आलं असतं. इथे पॉप्लरचं पान पडलं तरी ऐकू येत होतं. ती दोघांमध्ये एक वळण राखून चालली होती.

अक्रोडांच्या बागा मागे पडल्या. पुढे चेस्टनटचं रान लागलं. इथेच असणार, असं तिला वाटलं, पण फिर्मँने तिकडे मानही वळवली नाही. तिला संशय आला. ज्याचं तिथे काही नाही तो माणूस रानाकडे सहज बघतो; हा मुद्दाम बघत नव्हता. की मागे कोण आहे हे त्याला कळलं होतं, आणि तो तिला उगाच फिरवत होता?

मग बोगदा आला. त्यातले दिवे सायकल आली की आपोआप लागतात आणि ती गेली की विझतात. फिर्मँमुळे लागलेले सगळे विझल्यावरच ओदिल आत शिरली, पण मध्यावर पोचली तेव्हा पलीकडच्या तोंडाशी फिर्मँ पाय टेकून उभा दिसला. तो मागे बघत होता; एवढ्या लांबून ती कोण ते मात्र त्याला ओळखू येणार नव्हतं. ती जागच्या जागी थिजली. हलायचंच नाही म्हटल्यावर थोड्या वेळाने दिवे विझले, आणि त्या काळोखात, भिंतीला हात लावून, ती त्याच्याकडे बघत राहिली. मनात चोरी असल्याशिवाय माणूस असा मागे बघतो का, असं ती स्वतःला विचारत होती. आपण कुठे उभ्या आहोत ते मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

तो पुढे निघाला. रान संपलं, घरं लागली, आणि बेलकास्तच्या मंगळवारच्या बाजारात फिर्मँ सायकलवरून उतरला. ओदिलचं डोकं सणकलं. विकतोय! बाबांची अळंबी हा परक्या गावात विकतोय. ती चीजच्या गाड्याआड सरकली आणि त्याने फडकं उचलायची वाट बघू लागली.

त्याने ते उचललं. टोपली रिकामी होती. डोंगरातून अळंबी घेऊन येणाऱ्या एका बाईच्या मेजापाशी तो गेला, आणि त्या बाईने काही न विचारता खालून एक पेटी काढून त्याच्यापुढे ठेवली, जुन्या गिऱ्हाइकापुढे ठेवावी तशी. फिर्मँने निवडून निवडून सेप घेतल्या. मग कोटाच्या खिशातून चेस्टनटची वाळकी पानं आणि मूठभर माती काढली, आणि ती अळंबीवर नीट पसरली.

 ओदिल गाड्याआडून बाहेर आली.

"बोंजूर, फिर्मँ."

तो दचकला, पण लगेच सावरला. "पाळत ठेवतेस माझ्यावर?"

"किती वर्षं विकत घेतोयस?"

"तुला काय करायचंय? तू जा बाबांच्या जागेवर आणि भर टोपली."

"मला कुठे माहीत आहे जागा?"

"माझ्यापुढे नाटकं नकोत, धाकटे. दर वर्षी माझ्या खिडकीखालून मिरवत नेतेस, ती काय आकाशातून पडते?"

"वरच्या बाजारातून आणते. गुरुवारी. शेवाळ मी लावते."

फिर्मँने डोळे बारीक केले. खोटी नोट उजेडात धरून बघावी तसा तो तिच्याकडे बघत होता. मेजामागची बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाची अळंबी तोलायची थांबली.

"खोटं," तो म्हणाला. "बाबांनी मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. जागा कुठेय म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, ओदिलला विचार."

 ओदिल म्हणाली, "मला म्हणाले, फिर्मँला विचार."

 फिर्मँने बापाला एक जुनी शिवी हासडली. म्हाताऱ्याला सांगायचीच नव्हती, तो म्हणाला, दोघांनाही बनवून गेला. ओदिलने मान हलवली. तिला तसं वाटत नव्हतं. बाबांना आपली पोरं ठाऊक होती. आपल्यामागे ही दोघं एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, हेही ठाऊक असणार. त्यांनी दोघांना एकमेकांच्या दारात पाठवलं होतं, आणि दोघंही गेली नव्हती.

तिला स्वतःची लाज वाटली. तीस वर्षांत तिने गावातलं प्रत्येक दार वाजवलं होतं. त्यातली शेवटची अकरा वर्षं फिर्मँची पत्रं पेटीत टाकून ती सायकलवरून न उतरता पुढे गेली होती.

परतताना दोघं शेजारी शेजारी चालली. मागून मोटार यायची भीती नव्हती, वाट दोघांपुरती रुंद होती.  बोगद्याच्या अलीकडे शेजारचा रूमेगू भेटला. लाकाँब्राद बहीणभाऊ एकत्र, आणि एकाची टोपली भरलेली, हे बघून त्याने बोंजूर म्हटलं, पुढे गेला, आणि लगेच सायकल वळवून एक वळण राखून त्यांच्यामागे येऊ लागला.

"येतोय," फिर्मँ पुटपुटला.

"येऊ दे."

चेस्टनटच्या रानाशी ओदिल उतरली. उत्तर तिला ठाऊक होतं. तरी तिला ते विचारायचं होतं.

"फिर्मँ, बाबांची जागा कुठे आहे?"

तोही उतरला. बाहीने डोळे पुसून त्याने रानाकडे पाहिलं.

"मला नाही माहीत, ओदिल," तो म्हणाला. "तुला?"

"मलाही नाही."