दोन पाकळ्यांचा ल

मी एक जुनी फाइल आहे, मित्रांनो. पुठ्ठ्याची, नाडीने बांधलेली असते ना, तसली नाही. मला धूळ बसत नाही, वाळवी लागत नाही, आणि हातात धरू म्हणाल तर मी गवसायची नाही. मी संगणकाच्या पोटात राहते. तुम्ही कळफलकावर 'क'चे बटण दाबता आणि पडद्यावर 'क' उमटतो. त्याचा बांधा, त्याचे वळण, त्याची शेपटी कुठून येते? माझ्यासारखीच्या घरून येते. मला फॉन्ट म्हणतात. माझ्या ओटीत एका माणसाच्या हातची सगळी अक्षरे आहेत.

तो माणूस पाट्या रंगवायचा. सारे गाव त्याला पेंटरकाका म्हणे, आणि त्याची मुलगी अप्पा म्हणे. दवाखाना, बेकरी, सायकलचे दुकान, सगळ्यांच्या कपाळावर अप्पांचे अक्षर होते. मुलगी लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून पाट्या बघत हिंडायची. अक्षराच्या डोक्यावर अनुस्वार बसतो तशी ती बसलेली असे, म्हणून अप्पांनी तिचे नाव ठेवले टिंब.

एक गोष्ट अप्पा तिला नेहमी सांगत. त्यांनी एकदा 'दवाखाना' अशी पाटी रंगवली आणि खाली डावीकडे बाण काढला. टांगणाऱ्यांनी ती नेऊन टांगली रस्त्याच्या पलीकडच्या खांबावर. झाले! दोन दिवस गावातले आजारी लोक न्हाव्याच्या दुकानात शिरत होते. ताप आलेला एक म्हातारा तर दाढी करूनच बाहेर आला.

"बाण काढायच्या आधी पाटी कुठे टांगणार ते विचारायचं, टिंबे," अप्पा म्हणत. "बाण तोच असतो गं. जागा बदलली की तोच बाण खोटं बोलायला लागतो."

टिंब खदखदून हसे. ही गोष्ट एक दिवस आपल्याच कामाला येणार आहे, हे तिला तेव्हा कुठे ठाऊक होते!

टिंब मोठी झाली, संगणकाचे शिकली. आणि इकडे अप्पांचा उजवा हात थरथरू लागला. आधी शिडीवर, मग जमिनीवर, मग चहाचा कप धरतानासुद्धा. कामे येईनाशी झाली. तेव्हा टिंबने कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणला आणि म्हणाली, "अप्पा, मला सगळी अक्षरं काढून द्या. अ पासून ज्ञ पर्यंत. एकेकच."

"थरथरणाऱ्या हाताची? वेडी का तू?"

"मला तीच हवीत."

मित्रांनो, माझा जन्म असा झाला. खिडकीपाशी टेबल, टेबलावर शाईची बाटली, आणि अप्पा ब्रश हातात धरून वाट बघत बसलेले. कशाची वाट? थरथर थांबायची. घटकाभर ती थांबे, की अप्पा एक फराटा ओढून घेत. मग पुन्हा वाट. एका अक्षराला कधी अर्धी दुपार लागे. सर्वांत छळले ते 'ल'ने. अप्पांचा ल दोन पाकळ्यांचा. शेजारी दांडी उभी करायची त्यांना मुळीच आवडत नसे. म्हणायचे, "फुलाला काठी कशाला बांधायची?" अकरा कागद फाडले. बाराव्यावर पहिली पाकळी सुरेख उतरली, आणि दुसरीच्या वळणावर हात हलला. पाकळी वाऱ्याने लवावी तशी किंचित लवली.

"फाड तो," अप्पा म्हणाले.

टिंबने तो कागद पाठीमागे लपवला. मग तो संगणकात उतरवला, आणि तोच ल माझ्यात आला.

मग तिने एक प्रोग्राम लिहिला. पायथन नावाच्या भाषेत. आई म्हणाली, "सापाचं नाव? चावला बिवला तर?" टिंब म्हणाली, "चावतो कधीकधी, पण विष नाही." त्या प्रोग्रामचे नाव तिने ठेवले 'पाटी'. त्यात मजकूर लिहायचा, मोठा की लहान ते सांगायचे, की अप्पांच्या अक्षरात पाटी तयार! मला राहायला तिने 'सामान' नावाचा फोल्डर केला. तिथे मला दोन सोबती होते. एक होते ब्रशाचे चित्र. ते प्रोग्राम उघडताना कोपऱ्यात दिसायचे. दुसरी होती घंटी, अप्पांच्या सायकलीची, खरीखुरी, आवाज भरून घेतलेली. पाटी पुरी झाली की ती वाजे. ट्रिंग ट्रिंग!

काय ते दिवस होते! सकाळी टिंब प्रोग्राम सुरू करी. प्रोग्राम आधी आमच्या दारी येई आणि हाक मारी. चित्र जाई, घंटी जाई, आणि मी माझी सगळी अक्षरे घेऊन निघे. अप्पा मागे खुर्चीत बसून सांगत, "या दोघांत जरा हवा ठेव. शेजारी आहेत, जुळे नव्हेत." हात थरथरत होता, पण गावात अप्पांची नवी पाटी लागत होती. लोक मान वर करून म्हणत, "पेंटरकाका बरे झाले वाटतं!"

एका दुपारी मात्र एक लहानशी चूक झाली. तेव्हा ती चूक आहे असे कुणालाच वाटले नाही. गिऱ्हाईक दारात ताटकळत होते आणि ब्रशाचे चित्र काही केल्या उघडेना, त्यामुळे सगळा प्रोग्रामच अडून बसला. टिंब वैतागली. तिने प्रोग्रामला बजावून ठेवले, 'सामानातलं काही सापडलं नाही तर गप पुढे जा. चित्र नसेल तर नसू दे, अक्षर नसेल तर संगणकात दुसरं जे असेल ते घे.' प्रोग्राम बिचारा आज्ञाधारक. त्याने मान डोलावली.

पुढे टिंबला परगावी नोकरी लागली. जाण्याआधी तिने आम्हा सगळ्यांची प्रत काढून मामाच्या दुकानातल्या संगणकावर ठेवली. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याचे छपाईचे दुकान चौकातच होते. प्रोग्राम उघडला, चौकट दिसली. टिंबचा एक डोळा घड्याळाकडे. "चाललं, मामा!" म्हणाली आणि बस गाठायला पळाली.

आता ऐका, मित्रांनो, काय झाले ते. माझा पत्ता टिंबने प्रोग्रामात सविस्तर लिहून ठेवला होता: अमुक डिस्क, तिच्यात 'टिंब' नावाचा फोल्डर, त्यात 'पाटी', त्यात 'सामान', त्यात मी. तिच्या संगणकावर तो पत्ता अगदी खरा होता. पण मामाच्या संगणकावर 'टिंब' नावाचे घरच नव्हते! प्रोग्राम रोज सकाळी उठे, त्या नसलेल्या घराची कडी वाजवी, ओ मिळाली नाही की गप पुढे जाई. आणि मी? मी त्याच्या उशाशी होते. एका भिंतीच्या आड, एका श्वासाच्या अंतरावर. तो मला लांब शोधी, मी त्याला जवळून बघे. मला हाक मारता येत नाही, मला फक्त ओ देता येते.

संगणकात आयती आलेली दुसरी अक्षरे होती. गुळगुळीत, शहाणी. प्रोग्रामने ती उचलली. मामाच्या काही ध्यानात आले नाही. घंटी वाजेना, तर म्हणाला, आवाज बंद असेल. असे सात महिने गेले.

एके दिवशी, कित्येक महिन्यांनी घराबाहेर पडलेले अप्पा चौकातून चालले होते. शाळेवर नवी पाटी लागली होती: 'मुलांची शाळा'. अप्पांनी मान वर केली. ल ला, कान्याच्या आधीच, आणखी एक दांडी होती.

ते घरी आले. कपाटातला ब्रशांचा डबा काढला, एकेक ब्रश पुसला, डब्यात ठेवला, झाकण घट्ट लावले. आईला म्हणाले, "कुणाला हवा असेल तर देऊन टाक." टिंबचा फोन आला की "बरं आहे" एवढे म्हणायचे आणि फोन आईच्या हातात द्यायचे.

हे सगळे मला आईच्या तोंडून कळले. ती मामाच्या दुकानात तावातावाने आली होती.

"काय रे, डोळे आहेत की बटणं? त्यांची अक्षरं कुठे गेली?"

"ताई, मी लिहितो, यंत्र छापतं. अक्षर ते अक्षर. मला काय कळतंय त्यातलं?"

"कसं कळणार! जन्मभर कोंबडीचे पाय काढलेस वहीत. अरे, तो माणूस जेवेनासा झालाय. त्यांना वाटतंय, पोरीला त्यांच्या थरथरीची लाज वाटली, म्हणून तिने बदलली."

मामा मटकन स्टुलावर बसला. आणि त्याने टिंबला फोन लावला.

टिंब त्याच रविवारी आली. अप्पांना जवळजवळ ओढतच दुकानात घेऊन आली; मागून पिशवी घेऊन आईही आली. अप्पा पडद्याकडे न बघता म्हणाले, "सरळ अक्षरं हवी होती तर सांगायचं होतंस. मी काय रागावलो असतो?"

"अप्पा, मी काही बदललं नाही हो!"

"मग ती दांडी काय आभाळातून पडली?"

टिंब पुढे सरसावली. तिने 'सामान' उघडला. मी तिथेच होते, जशीच्या तशी. तिने माझ्यावर बोट ठेवले. "ही बघा. इथेच आहे." मग प्रोग्राम उघडून एकेक ओळ वाचू लागली. आणि माझ्या पत्त्याच्या ओळीशी येऊन थांबली. कपाळावर हात मारला.

"अप्पा, मी पत्ता माझ्या घरचा लिहिलाय. पाटी इथे आणली आणि बाण तिकडचाच राहिला."

अप्पांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिले. मग त्यांच्या मिशीचे टोक हलले.

"म्हणजे न्हाव्याकडे गेला होता तुझा प्रोग्राम?"

"सात महिने!"

"दाढी तरी करून आला का?"

बापलेक असे हसले की मामाही कारण न कळता हसू लागला.

टिंबने ती ओळ पुसली. पायथनात प्रत्येक प्रोग्रामला स्वतःला विचारता येते, 'मी आत्ता कुठे ठेवलेलो आहे?' तिने त्याला तसे विचारायला शिकवले, आणि सांगितले, 'तू जिथे असशील तिथून बघ. सामान तुझ्या शेजारीच असेल.' मग ती 'गप पुढे जा'ची ओळही तिने खोडली. त्या जागी लिहिले, 'काही सापडलं नाही तर थांब, आणि काय हरवलंय ते मोठ्याने सांग.'

आणि प्रोग्रामने मला हाक मारली. सात महिन्यांनी! मी सारी अक्षरे पदरात घेऊन धावले. पडद्यावर 'मुलांची शाळा' उमटले, आणि ल ची दुसरी पाकळी वाऱ्याने लवली. ट्रिंग ट्रिंग! मामा दचकला. "अरे, ही तर भाऊजींची सायकल!"

अप्पा पडद्याजवळ वाकले. "हा तो बारावा कागद. फाड म्हटलं होतं ना मी?"

"सगळंच ऐकायचं असतं का तुमचं?" टिंब म्हणाली.

शाळेची पाटी पुन्हा छापायला घेतली. छापण्याआधी अप्पा टिंबच्या कानात काही बोलले. पाटी बाहेर आली तेव्हा मामा ओरडला, "अगं, 'लां'वरचं टिंब राहिलं की! गिऱ्हाईक मला खाईल."

"राहू दे, मी बघतो," अप्पा म्हणाले. आईने पिशवीतून डबा काढला. तिने तो कुणालाही दिला नव्हता. अप्पांनी झाकण उघडले, ब्रश काळ्या रंगात बुडवला, पाटीवर धरला आणि वाट बघत बसले. थरथर घटकाभर थांबली. अप्पांनी अलगद टिंब दिले.

आता अप्पा नाहीत. त्यानंतर मामाने तीन संगणक बदलले. प्रत्येक वेळी आमची प्रत निघते, नवे घर मिळते, आणि सकाळी प्रोग्राम आधी स्वतःला विचारतो, मी कुठे आहे? मग शेजारी बघून हाक मारतो, आणि मी ओ देते.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. घर बदलताना आम्हा लहानसहान सामानाचीही आठवण ठेवा. आमचा पत्ता दूरचा लिहू नका, आपल्या शेजारचा लिहा. आणि आमच्यातले कुणी हरवले तर दुसऱ्याला त्या जागी बसवून गप पुढे जाऊ नका. थांबा, नाव घेऊन विचारा. कदाचित आम्ही भिंतीआडच असू.

आणि कधी त्या शाळेवरून गेलात तर मान वर करा. पाटीवरची सगळी अक्षरे माझी आहेत. ल च्या डोक्यावरचे, जरासे कलंडलेले ते टिंब तेवढे माझे नाही. ते अप्पांचे आहे.