देवाजींची लाल पाटी

“देवाजी, चालू करा न भाऊ, आरतीले लोकं येऊन राहिले!” मंडळाचे सेक्रेटरी भय्याजी स्टेजवरून ओरडले.

“पाटी दिसत नाही का?” बाबा अ‍ॅम्प्लिफायरच्या मागून म्हणाले.

स्विचबोर्डावर लाल पाटी लोंबत होती : ‘माणूस काम करत आहे. स्विच चालू करू नये.’ बाबा भिलाईच्या प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन. तिथला नियम असा, की मशीनला हात लावण्याआधी पाटी अडकवायची आणि ज्यानं अडकवली त्यानंच ती काढायची. साहेबानंसुद्धा नाही. बाबांनी हा नियम घरीही आणला होता. दाराची घंटी दुरुस्त करायची तरी आधी पाटी. आई म्हणायची, “माह्याशी लग्न केलं का प्लांटशी?”

तो १९८४चा गणपती. पाच-सहा मिनिटं वाजला की अ‍ॅम्प्लिफायर तापून बंद पडत होता. बाबांनी त्याच्या मागचा छोटा पंखा बोटानं फिरवला, मोकळा होता. थेट करंट दिला, घरघरत फिरला. म्हणजे खोट त्याच्या आधी. आत ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर बटणाएवढा स्विच असतो. ठोकळा तापला की तो पंखा सुरू करतो. बाबांनी त्याला गरम सोल्डरिंग आयर्न टेकवून पाहिलं. ढिम्म. तसा स्विच ना सिविक सेंटरच्या बाजारात मिळाला, ना दुर्गला. शेवटी त्यांनी तो वगळून पंखा थेट स्विचबोर्डाला जोडला. आता पंखा सतत चालणार आणि सतत घरघरणार होता.

कार्यक्रमातल्या नाटकवाल्यांना त्या घरघरीचं सोयरसुतक नव्हतं. प्रश्न आईचा होता. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण ती गायली फक्त चुलीपुढे. यंदा पहिल्यांदाच स्टेजवर, भंडाऱ्याकडच्या आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या म्हणणार होती. बारीक आवाज, साथीला काही नाही. वायर आखूड, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर पडद्यामागे, माइकपासून सहा फुटांवर. तालमीत दोन ओव्या म्हणून ती थांबली.

“मी नाही म्हणत जा. गिरणीत गाऊन राहिल्यासारखं वाटते.”

“म्हण तू. तुह्या वेळी पंखा बंद ठेवतो.”

“अन् तापून सारंच बंद पडलं त? भर गाण्यात? मंग जन्मात स्टेजवर नाही चढणार मी, सांगून ठेवते.”

“नाही पडत. मी हाव ना.”

कार्यक्रमात आईचं नाव पुकारलं तेव्हा मी विंगेत तिची शाल धरून उभी होते. पहिल्या रांगेत रुमाल टाकून धरलेली बाबांची खुर्ची रिकामी होती. बाबा पडद्यामागे होते. त्यांनी पंखा बंद केला, स्विचला पाटी अडकवली आणि पिशवीतून आमचा सिगडीचा बांबूचा पंखा काढला. जमिनीवर मांडी घालून ते ठोकळ्याला वारा घालू लागले. हात बदलत, मधूनच ठोकळा चाचपत, बोटांवर फुंकर मारत. पुरी अकरा मिनिटं. ओवी शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचली. मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते.

टाळ्या संपल्या तशी आई तरातरा आत आली.

“साऱ्या ओव्या खाली खुर्चीले ऐकवल्या मी! कुठी होते तुमी?”

“अठीच,” बाबा पाटी काढत म्हणाले.

आईनं पंखा पाहिला. मग त्यांची लाल झालेली बोटं.

“माहा सिगडीचा पंखा कावून आणला, न इचारता?” ती म्हणाली, आणि भय्याजींच्या देखत पदरानं त्यांचं कपाळ पुसलं.

त्यानंतर आई दर गणपतीत गायली. बाबा खुर्चीत कधी बसले नाहीत. ते पडद्यामागेच असायचे, आणि तिला ते ठाऊक असायचं.

१९९१च्या मे महिन्यात एका रविवारी बाबा घरचा छताचा पंखा दुरुस्त करायला स्टुलावर चढले. पाटी अडकवली होतीच. तेवढ्यात छातीत कळ आली. हॉस्पिटलपर्यंतसुद्धा पोचले नाहीत.

तेरवीला घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि उकाड्यानं जीव जात होता. पंजाबरावमामांनी पंख्याची सुटलेली वायर जोडली. दोन मिनिटांचं काम. मग त्यांनी स्विचवरच्या पाटीला हात घातला.

“नोको काढू, पंजाब,” आई म्हणाली. “ज्यानं लावली, थोच काढंल.”

मामांनी हात मागे घेतला. आई आत जाऊन सिगडीचा पंखा घेऊन आली आणि त्या बंद पंख्याखाली बसून आम्हा सगळ्यांना वारा घालू लागली.