जमनाबाईच्या जागी उभी राहिलेली काठी

मी एक काठी बोलतेय. लाकडाची नव्हे हं, लोखंडी पाइपाची. कमरेएवढी उंची, डोकं लालभडक आणि पायाशी लोहचुंबक. मला एक जुळी बहीणही आहे. पण आधी आम्ही दोघी मिळून एकच लांब पाइप होतो. म्हसावदच्या रूपचंदभाऊंच्या ट्रॉलीवर आडव्या पडून ताडपत्री पेलायची, हे आमचं काम.

ती ट्रॉली वर्षभर ऊस आणि केळी वाहायची. मार्गशीर्ष लागला की तिचं घर व्हायचं. खाली भुसा, त्यावर गाद्या, कोपऱ्यात शेगडी, पिठाचा डबा, लोणच्याची बरणी. रूपचंदभाऊ आणि त्यांची बायको जमनाबाई सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला निघायचे आणि तापीच्या काठी आठ दिवस त्याच ट्रॉलीत राहायचे. भाऊंनी उभ्या आयुष्यात एकही घोडा विकत घेतला नाही. पण प्रत्येक घोड्यात खोट काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे, आणि ती खोट ऐकून घ्यायला जमनाबाई हवी असे.

निघायच्या दिवशी खरी मजा असायची ती ट्रॉली जोडण्याची. ट्रॉलीच्या पुढच्या दांड्याला एक कडं असतं. ते ट्रॅक्टरच्या मागच्या हुकात नेमकं बसवायचं आणि वरून पिन घालायची. सांगायला सोपं आहे. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला ते कडं दिसतच नाही. म्हणून जमनाबाई मध्ये उभी राहून हाताने खुणा करायची. भाऊ मान वाकडी करून ट्रॅक्टर मागे घ्यायचे आणि दर वेळी वीतभर चुकायचे. मग ती म्हणायची, तुम्हाला डावं-उजवं कळत नाही. ते म्हणायचे, तुझा हात धड दिसत नाही. ओट्यावर सासरे बसलेले असायचे. त्यांच्यासमोर नवऱ्याशी मोठ्याने बोलायची एरवी तिची छाती नव्हती. पण ट्रॉली जोडताना तिला सगळं माफ होतं. वर्षभराचं साचलेलं ती तेवढ्यात बोलून घ्यायची. एकदाची पिन बसली की दोघंही हसायची.

एका वर्षी भाऊंचा पाय क्लचवरून निसटला. ट्रॅक्टर झटक्याने मागे आला आणि जमनाबाईचं बोट कड्यात चेंगरलं. अर्धं पेर गेलं. शहाद्याच्या दवाखान्यातून आल्यावर ती चार दिवसांत भाकरी थापायला लागली. भाऊ मात्र महिनाभर ट्रॅक्टरवर चढले नाहीत.

मग ते मला घेऊन निजाम मिस्त्रीच्या वेल्डिंगच्या दुकानात गेले. ते एवढंच म्हणाले, "निजामभाई, असं काही कर, तिना हात परत त्या लोखंडमा जावाले नको."

मिस्त्रीने माझे दोन तुकडे केले. बिघडलेल्या भोंग्यांतली गोल लोहचुंबकं काढून आमच्या पायाशी बसवली. त्याची बायको सुरैय्या हिने आमची डोकी लाल रंगात बुडवली. मी कड्याजवळ चिकटायचं, बहिणीने हुकाजवळ. ट्रॅक्टर मागे घेताना दोन लाल डोकी एकमेकांना टेकली की कडं नेमकं हुकावर आलं. एवढं सोपं!

त्या मार्गशीर्षात भाऊंनी एका दमात ट्रॉली जोडली. पदर खोचून, खुणा करायला जमनाबाई अंगणात आलीच होती. भाऊ आनंदाने म्हणाले, "आते तुन्हं काम नही."

ती जागच्या जागी थांबली. मग खोचलेला पदर सोडून आत गेली. त्या वर्षी ती यात्रेला आली, पण घोड्यांकडे फिरकली नाही. पुढच्या वर्षी म्हणाली, "मन्हा गुडघा दुखतस. तुमीच जा." गुडघे ठणठणीत होते, मला माहीत होतं. दुखलं होतं ते दुसरंच. पण काठीला कुठली वाचा!

पुढची दोन वर्षंही ती गेली नाही. तीन यात्रा भाऊंनी पुतण्या अमृतबरोबर काढल्या. अमृत मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचा. घोड्यातली खोट सापडली की भाऊ सवयीने शेजारी वळायचे आणि तसेच पुढच्या घोड्याकडे चालू लागायचे. इकडे माझं नाव पंचक्रोशीत झालं. निजाम मिस्त्रीने आमच्यासारख्या कितीतरी जोड्या केल्या. लोक मला हात लावून बघायचे. आधी मी फुशारले होते, हे कबूल करते. पण तिसऱ्या वर्षी भाऊ एकटेच शेगडी पेटवत बसलेले पाहिले आणि मला माझीच लाज वाटली.

यंदा निघायच्या दिवशी पहाटेच भाऊ अंगणात आले. त्यांनी आम्हा दोघींना उपटलं आणि कडब्याच्या गंजीमागे लपवलं. उजाडल्यावर ट्रॅक्टर सुरू केला. पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदा चुकले. चौथ्या खेपेला शेजारीपाजारी जमले. अमृत म्हणाला, काका, काठ्या लावा की. भाऊंनी सांगितलं, हरवल्या.

जमनाबाई दारातून हे बघत होती. गायीला कडबा घालायला म्हणून ती गंजीकडे आली आणि तिने आम्हाला उचललं.

"ह्या काठ्या आठे कोनी दपाड्यात?"

भाऊ ट्रॅक्टरवरून उतरले. सगळ्यांसमोर त्यांनी तिचा तो अपुरा बोटाचा हात हातात घेतला. असं त्या घरात कधी घडलं नव्हतं.

"मीच दपाड्यात. तुले दूर कराले नही करेल व्हत्या ह्या. तुन्हा हात जाई, हाई भ्याव व्हतं माले. तुन्हाबिगर जत्रामा मन लागत नही."

जमनाबाईने पदराने डोळे पुसले. "मंग हाई तव्हयच सांगतात तं काय व्हतं?"

मग तिनेच आम्हाला आमच्या जागी लावलं आणि चार पावलं बाजूला उभी राहून डावं-उजवं सांगू लागली. आम्ही असताना सांगायची काही गरज नव्हती. तरीही भाऊ तिच्याच हाताकडे बघत राहिले, आमच्याकडे बघितलंच नाही. त्यामुळे दोनदा चुकले. तिसऱ्यांदा पिन बसली.

तुम्हा माणसांना माझं एवढंच सांगणं आहे. आपल्या माणसाचे कष्ट खुशाल कमी करा, पण ते का करताय हे त्याला तोंडाने सांगा. आम्हा लोखंडाला ते सांगता येत नाही.

आता आम्ही दोघी तापीकाठच्या वाळूत रोवलेल्या आहोत. मधे दोरी बांधली आहे आणि तिच्यावर जमनाबाईचं लुगडं वाळतंय. ती दोघं घोडे बघायला गेली आहेत.