धर्माच्या पोटातली जाळी

धर्मा पागधरेला अंतर्गळ झाला यात नवल काहीच नव्हतं. दांडीच्या किनाऱ्यावर होड्या कमरेच्या जोरावर वर ओढतात, आणि हा गडी बाराव्या वर्षापासून ओढत होता. नवल पुढे झालं. सदुसष्ट सालच्या जानेवारीत पालघरच्या एका खाजगी इस्पितळात त्याचं ऑपरेशन झालं. मुंबईहून दर शुक्रवारी येणारे मोठे डॉक्टर त्याला म्हणाले, "नव्या पद्धतीने करतो. पुन्हा कधी उतरणार नाही." नवी पद्धत म्हणजे काय, हे ना त्यांनी सांगितलं, ना याने विचारलं. मोठ्या माणसाला विचारायचं कसं?

मी तेव्हा तारापूरच्या दवाखान्यात नर्स होते. टाके काढून फार दिवस झाले नाहीत तोच धर्मा माझ्याकडे आला. जखम फुटली होती, पू वाहत होता. ड्रेसिंगच्या वहीत मी तारीख घातली, चौदा फेब्रुवारी. तिथून सप्टेंबरपर्यंत एक दिवसाआड तो येत राहिला. पेनिसिलीन दिलं की जखमेचं तोंड मिटायचं आणि आठवड्याभरात पुन्हा फुटायचं. डॉक्टरांना मी दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. होडी समुद्रात जायची आणि तीस वर्षांचा धर्मा किनाऱ्यावर म्हाताऱ्यांत बसून राहायचा.

सप्टेंबरात एक दिवस माझ्या चिमट्याला दोरा लागला. टाक्याचा राहिला असेल म्हणून ओढला, तर सुटेना. त्याच्यामागून नखाएवढा तुकडा वर आला. धर्मा कोपरावर उठला आणि वाकून बघू लागला.

"बाय, ही तं जाली हाय."

"कसली जाळी?"

"वीन बग ना. नायलानसारकी. माज्या पोटात जाली कोनी घातली?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात महिने मी वरून धूत होते, आणि आतडं पुन्हा उतरू नये म्हणून आत परकी वस्तू बसवली आहे हे डॉक्टरांनी ना रोग्याला सांगितलं, ना त्याच्या कागदावर लिहिलं. ती बाहेर काढल्याशिवाय पू थांबणार नव्हता. "शुक्रवारी पालघरला जायचं," मी धर्माला म्हटलं, "मी सोबत येते."

मधे तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत धर्माच्या आईने, हिराआयने, तिला कळलं ते केलं. सुताचं जाळं कुजू नये म्हणून ही माणसं ऐनाची साल उकळतात आणि त्या लाल पाण्यात जाळं भिजवून काढतात. म्हातारीचा सगळा जन्म त्यात गेला होता. लेकाच्या पोटात जाळी आहे आणि ती कुजते आहे, एवढंच तिच्या कानावर आलं. तिने साल उकळली, पाणी निववलं, आणि दोन दिवस जखमेवर धार धरली. मला कोणी हे सांगितलं नाही. शुक्रवारी हिराआयही सोबत निघाली, तेव्हा बोईसरला गाडीत बसतानाही नाही.

डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि लाल डाग बघून विचारलं, "हे काय?"

हिराआयने खरं ते सांगितलं. खोटं बोलायची अक्कल तिला असती तर बरं झालं असतं.

"मग पू होणार नाही तर काय होणार? झाडाच्या साली लावता!" त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. त्यांनी कंपाउंडरला कागद घ्यायला लावला. "लिही. घरगुती उपायाने जखम बिघडली. अंगठा घे, मग ऑपरेशनला आत घेतो."

नाचता येईना अंगण वाकडं! मी वही त्यांच्यासमोर उघडली. "साल या आठवड्यातली आहे डॉक्टर. पू फेब्रुवारीपासून आहे. ही बघा तारीख."

"मग तुमच्या ड्रेसिंगमध्ये घाण असेल, सिस्टर."

"असेल. पण जाळीत पू झाला तर ती काढावी लागते, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक असतं. शंभरात दोघा-चौघांना होतंच."

"मग त्याला आधी का नाही सांगितलं?"

"त्याला?" ते हसले. खरंच हसले. "त्याला जाळी म्हणजे काय कळणार?"

तपासायच्या टेबलावर पडलेला धर्मा उठून बसला. सात महिन्यांत त्याचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता.

"जाल्यातला मला नाय कलनार, तं तुला कलनार? दोरा पान्यात किती राहील, कवा काढाचा, ता आमी इचारून घेतो दुकानात! माजा पोट दुकानापेक्षा हलका हाय?"

डॉक्टरांचं तोंड लाल झालं. मीही बोलले, मनात होतं नव्हतं ते सगळं बोलले. बरं वाटत होतं मला. आणि आम्ही तिघं भांडत होतो तेवढ्यात मागे कोपऱ्यात कंपाउंडरने हिराआयचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. तिने हात मागे घेतला नाही. लेकाला आत घेतील एवढंच तिला हवं होतं.

जाळी तुकड्यातुकड्याने काढली. पू थांबला, अंतर्गळ परत आला. धर्मा आता पट्टा बांधतो आणि होडीला हात लावत नाही. पण तो जगला.

हिराआयला मी किती वेळा सांगितलं असेल! फेब्रुवारी आधी येतो, सप्टेंबर नंतर. पू आधीचा, साल नंतरची. वही तिच्यापुढे धरली. तिला अक्षर येत नव्हतं. ती मान हलवायची आणि म्हणायची, "पन डाक्तर बोलला ना, बाय. मी अंगठा पन दिला."

पुढच्या पावसाळ्यात मी दांडीला त्यांच्या घरी गेले होते. धर्माची धाकटी पोर ओट्यावरून पडली, गुडघा फुटला. रडत ती आजीकडे धावली, तसे म्हातारीने दोन्ही हात पदराखाली लपवले.

"सूनबाय, तू ये, तू धू," तिने आत हाक मारली. "माजा हात नको लागाला तिला."