चौथ्या मजल्यावरची पनवती

मित्रांनो, मला पाच चाके आहेत, पण आपणहून मी कधी कुठेच गेले नाही. ज्याने ओढले त्याच्याकडे गेले. मी एक जुनी खुर्ची आहे, अमेरिकेतल्या ओमाहा शहरातल्या एका मोठ्या विमा कंपनीच्या चौथ्या मजल्यावरची. माझा डावा हात सैल झाला आहे आणि पाठीची जाळी एका बाजूला उसवली आहे. तरी बसणाऱ्याची कंबर मी अजून नीट सांभाळते. लोकांनी मात्र मला पनवती ठरवले. तो आळ खोटा आहे, आणि तेवढे सांगायलाच आज मी बोलते आहे.

माझा जन्म मिशिगनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी माझी जाळी ताणून बसवली. मग एक धिप्पाड माणूस माझ्यावर बसला, मागे रेलला, एक गिरकी घेतली आणि खूश होऊन मान डोलावली. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

ओमाहाला मला मागवले होते व्हर्ननसाठी. गारपिटीने छपरे फुटली, वादळाने शेतावरची कोठारे उडाली, की भरपाईचे दावे या खात्यात यायचे, आणि व्हर्नन खात्यातला सगळ्यांत जुना माणूस. त्याच्या कंबरेचे ऑपरेशन झाले म्हणून कंपनीने माझ्यावर खर्च केला. बाकी सगळ्यांच्या खुर्च्या साध्या होत्या. येता-जाता लोक माझ्या पाठीवर हात फिरवायचे.

"तू रिटायर झालास की ही माझी," शेजारच्या टेबलावरचा डेल म्हणायचा.

"नंबर तुझाच आहे, बाबा. पण अशी टक लावून बघत बसू नकोस, मला बसवत नाही."

तो नंबर खराच होता. खिडकीजवळची जागा असो, गाडी लावायची बरी जागा असो की खुर्ची, चांगली वस्तू रिकामी झाली की नोकरीत सगळ्यांत जुन्या माणसाला मिळायची. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण पाळायचे सगळेच. भांडणे होत नसत. हिवाळ्यात शुक्रवारी सगळे घरून काहीबाही करून आणायचे. लॉरेन नावाची एक बाई मोठ्या भांड्यातून खिमा-बीन्सची तिखट चिली आणायची आणि सोबत दालचिनीचे गोड रोल. तिची चिली एकदा माझ्या हातावर सांडली, तो डाग मला शोभून दिसतो असे मला वाटते. फार चांगले दिवस होते ते.

मग वरचे साहेब बदलले. आधी शुक्रवारची जेवणे बंद झाली. माणसे हळू आवाजात बोलू लागली. आणि एका मंगळवारी कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत, टेबलाच्या मधोमध, कोणीतरी कागदी रुमालांचा खोका आणून ठेवला. तो कशासाठी ते तेव्हा कोणालाच कळले नाही. व्हर्ननला साहेबाने, म्हणजे ट्रॉयने, दोन मिनिटे बोलायला म्हणून आत नेले. तो बाहेर आला तेव्हा त्याच्याबरोबर पहारेकरी होता आणि पहारेकऱ्याच्या हातात रिकामे खोके. व्हर्ननने बायकोचा फोटो त्यात टाकला आणि कोट घ्यायचा विसरून तसाच गेला.

त्याच्या मागे लिफ्टचे दार बंद झाले न झाले तोच डेलने मला ओढले.

"अरे, त्याची कॉफी तरी निवू दे," लॉरेन म्हणाली.

"मी नाही नेली तर पलीकडच्या खात्यातले नेतील. तुला हवी होती का?"

"माझा नंबर कुठे आलाय अजून?"

वसंतात डेललाही त्याच खोलीत नेऊन तसेच काढले. त्यानंतर माझ्यावर मार्जी बसू लागली. तिने घरून एक गुलाबी उशी आणून मला बांधली. मला ती आवडायची, पण उशी मळायच्या आतच काचेच्या खोलीत पुन्हा रुमालांचा खोका दिसला, आणि मार्जी उशी न सोडवताच गेली. त्या दिवसापासून लोक माझ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागले. पाठीवर हात फिरवणे तर सोडाच, माझ्या बाजूने जाताना लोक अंग चोरून जायचे. "तीन बसले, तीन गेले. पनवती आहे ही," असे पाणी प्यायच्या जागी उघड बोलले जायचे. मला फार लागले ते. ज्यांच्यात मी वर्षानुवर्षे राबले, त्यांनी मला असे बोलावे?

आता जुन्यांत राहिली लॉरेन. ट्रॉयने मला स्वतः तिच्या टेबलाशी ढकलत आणले.

"घे लॉरेन. आता हा मान तुझा."

तिचा चेहरा उतरला. "कशाला? माझी आहे की चांगली."

तिची चांगली नव्हती. बसले की ती हळूहळू खाली जायची आणि थोड्या वेळाने लॉरेनची हनुवटी टेबलाला टेकायची. बर्फावर घसरून पडल्यापासून तिची कंबर धड नव्हती. वय एकसष्ट. घरी नवरा, वॉल्ट. त्याचे स्नायू दिवसेंदिवस दुबळे होत चालले होते आणि दर महिन्याला इस्पितळात शिरेतून औषध दिले की तो चार पावले चालायचा. त्या औषधाचे बिल लॉरेनच्या नोकरीतून मिळणारा विमा भरायचा. नोकरी गेली की विमा गेला. खात्यात हे सगळ्यांना ठाऊक होते.

"नवी खुर्ची माग ना," कोणी तिला सुचवले.

"वेडी आहेस का? आता काही मागायचं नाही. मागितलं की नाव त्यांच्या डोळ्यांपुढे येतं."

दुपारी सगळे जेवायला गेले तशी लॉरेन उठली. तिने इकडेतिकडे पाहिले आणि मला ढकलत थेट नदीनच्या टेबलाशी आणून लावले. नदीन दीड महिन्यापूर्वी लागलेली, पोरे शाळेत जायला लागल्यावर पुन्हा कामाला बाहेर पडलेली. ती परत आली आणि मला पाहून थबकली.

"एवढी छान खुर्ची मला? लॉरेन, तुम्ही बसा ना. तुमची कंबर दुखते."

"मला कडक खुर्चीची सवय आहे, पोरी. बस तू."

हे बोलताना लॉरेनने तिच्याकडे पाहिले नाही. जेवून परतलेल्या बाकीच्यांनी मी कुठे आले ते पाहिले आणि ते आपापल्या कामाला लागले. दुसऱ्या दिवशी नदीनने लॉरेनसाठी केळ्याचा केक करून आणला. लॉरेनने तो खणात ठेवला आणि खाल्ला नाही.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मजला रिकामा झाल्यावर ट्रॉय फोनवर बोलत आला आणि माझ्यावर बसला.

"कामाचं काय बघायचं त्यात? कामं सगळेच करतात. पगार बघा. वरचा एक काढला की त्या पैशात दोन नवे येतात... हो. व्हर्नन, डेल, मार्जी, सगळे तसेच काढले. आता वरती लॉरेन आहे."

मित्रांनो, तेव्हा मला उमगले. चांगली खुर्ची सगळ्यांत जुन्याला मिळायची, आणि सगळ्यांत जुन्याचा पगार सगळ्यांत मोठा. ते लोक माझ्यामुळे गेले नव्हते. ज्याला जायचे होते त्याच्याच खाली मी प्रत्येक वेळी येत होते. आणि लॉरेन मला दूर लोटून वाचल्याच्या भ्रमात होती. तिला सांगावे म्हणून माझा जीव तुटत होता, पण खुर्चीला कुठला आवाज?

लॉरेन त्या दिवसांत जवळजवळ आनंदात होती. फोनवर वॉल्टला सांगायची, "नाही रे, मी त्या खुर्चीवर बसत नाही. टळलं ते." अंगाखाली कोटाची घडी घालून, कळा दाबत, ती सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या नंतर जायची.

मंगळवारी सकाळी काचेच्या खोलीत रुमालांचा खोका होता. मजल्यावरचा प्रत्येक माणूस नदीनकडे चोरून पाहत होता. नदीन ताठ बसली होती. तिचे हात माझ्या हातांवर होते आणि थंडगार पडले होते. फोन वाजला तो लॉरेनच्या टेबलावर.

ती बाहेर आली तेव्हा पहारेकरी मागे होता. ती आपल्या टेबलाकडे गेलीच नाही. कंबरेवर हात धरून ती आमच्यापाशी आली.

"नदीन, जरा उठतेस?"

नदीन उठली. लॉरेन माझ्यावर बसली आणि हळूच मागे रेलली. मी तिची कंबर धरली. तिने डोळे मिटले.

"ही मी तुला मुद्दाम दिली होती," ती म्हणाली. "माझ्यावर यायचं ते तुझ्यावर यावं म्हणून."

"माहीत होतं मला. त्याच दिवशी सांगितलं लोकांनी."

"मग बसलीस कशाला?"

"तुम्ही इतक्या घाबरला होतात. नाही कसं म्हणायचं?"

"चला, मॅडम," पहारेकरी म्हणाला.

लॉरेनने डोळे उघडले. "वॉल्टचं औषध गुरुवारी आहे. ते मिळेल ना? कोणाला विचारू?"

"मला तुम्हाला खालच्या दारापर्यंत न्यायला सांगितलंय फक्त."

त्यानंतर कोणी माझ्यावर हक्क सांगितला नाही. शेवटी ट्रॉयने मला आपल्या खोलीत नेले. नव्या पोरीला एवढी खुर्ची कशाला, असे तो म्हणाला. आता या मजल्यावर सगळ्यांत मोठा पगार त्याचा आहे, हे त्याच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

मित्रांनो, माझी उसवलेली जाळी कोणी शिवावी, चाकांना थेंबभर तेल द्यावे, एवढे मागितले असते तर माझी कहाणी इथेच संपली असती. पण माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या शेजारचे माणूस घाबरून कोणाच्या अंगावर काही लोटत असेल, तर ती वस्तू पाहत बसू नका. त्या माणसाजवळ जा आणि काय झाले ते विचारा. त्या दुपारी सगळा मजला माझ्याकडे पाहत होता. लॉरेनला कशाची भीती वाटते, एवढेही कोणी विचारले नाही.