न कमावणाऱ्यांचा वेळ

मी नियोजन खात्यात मॉडेल बनवतो. म्हणजे सरकारनं एखादी गोष्ट बंद केली तर कुणाचं किती बिघडेल, ते आकड्यांत सांगतो. लोकांना वाटतं, फार हुशारीचं काम. डोंबलाची हुशारी.

गेल्या वर्षी बसमार्गांचं मॉडेल केलं. प्रवाशाचा एक तास किती मोलाचा, हे त्याच्या कमाईवरून धरायचं. जे कमवत नाहीत त्यांचं काय धरायचं, याची माहितीच नव्हती. अहवालाची घाई होती, म्हणून त्या रकान्यात तात्पुरतं शून्य टाकलं. नंतर भरू म्हटलं आणि साफ विसरलो. मॉडेलनं अकरा मार्ग बंद करायला सांगितले, मंत्र्यांची सही झाली, साहेबांनी माझी पाठ थोपटली.

त्यातली एक बस मोठ्या इस्पितळाला जायची. माझी ताई आठवड्यातून तीनदा त्याच बसनं डायलिसिसला जायची. मॉडेलमध्ये मार्गांना नुसते अनुक्रमांक होते. माझ्या लक्षातही आलं नाही. बंद मार्गांची यादी थांब्यावर लागली, तेव्हा कळलं.

तसाच साहेबांकडे धावलो. "साहेब, चूक माझी आहे. तेवढा मार्ग परत सुरू करा."

"मग शून्याच्या जागी काय टाकायचं?" त्यांनी विचारलं, चिडून नाही, अगदी समजुतीनं. "आकडा आण, मी वर पाठवतो."

आकडा कुठून आणू? आईमागं जिनं मला वाढवलं, तिच्या एका तासाची काय किंमत लावू? आकडा न देताच बाहेर आलो.

बस बंद झाली ती झालीच. तिला स्कूटरवर न्यायला-आणायला मला दर वेळी रजा मिळेना, आणि रिक्षा आठवड्यातून दोनदाच परवडायची. शेवटी ताईला सगळं सांगून टाकलं. लाज वाटत होती, रडलोही. वाटलं, ताडताड बोलेल. बोलायलाच हवं होतं तिनं.

"तू काय मुद्दाम केलंस होय रे?" सुजलेले पाय उशीवर ठेवत ती म्हणाली. "झालं ते झालं. आता जरा डोकं चालव. सोमवार, बुधवार, शुक्रवार. यातला कुठला दिवस सोडला तर त्रास कमी होईल? तुझं तर कामच आहे ते."

मी बोटं मोजली. सोमवार सोडला तर शुक्रवार ते बुधवार पाच दिवस जातात, शुक्रवार सोडला तरी पाच. बुधवार सोडला तर चारच.

"बुधवार," मी म्हणालो.

"बघ," ताई म्हणाली, "किती पटकन सांगितलंस."