गोठ्यातले एकतीस व्हिडिओ

हे लिहिणारच नव्हतो. कारण चूक माझी आहे, आणि आख्खं मबू गाव मला कम्प्युटरवाला म्हणतं.

झालं असं. माझा मित्र लॉकी त्याचा जुना लॅपटॉप त्याच्या मैत्रिणीच्या, मोरॅगच्या, आईला देणार होता. आणि शनिवारच्या नाचात, हॉलमध्ये सगळ्यांसमोर, मोरॅगला लग्नाचं विचारणार होता. तोवर तिला कळू द्यायचं नव्हतं.

"साफ केलाय मी. रिसायकल बिनसुद्धा रिकामी," गुरुवारी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात तो ऐटीत म्हणाला.

अर्ध्या तासात मी त्याचे एकतीस व्हिडिओ परत काढले. सगळे गोठ्यातले. लॉकी गुडघा टेकून, हातात अंगठी म्हणून लोखंडी नट. "मोरॅग, माझ्याशी..." नवव्यात गाय त्याची टोपी चाटते.

लॉकी पांढराफटक. "डिलीट केले होते ना मी!"

"लेका, नाव खोडलंस फक्त. माल तिथंच पडून आहे. त्यावर दुसरं काही लिहीपर्यंत."

"मेलो. मोरॅग तेच करते रे!"

खरं होतं. ती ग्रंथालयात जुनी मशिनं दुरुस्त करते. मशीन हातात आलं की आधी मागच्या माणसाचं काही उरलंय का ते बघते आणि पुसते. सवयच आहे तिची.

मग मी रिकाम्या जागेवर शून्यं भरायला लावली. जुनी हार्ड डिस्क, पाच तास लागले. तेवढ्यात आम्ही ओटच्या बिस्किटांचा डबा संपवला. परत शोधलं. काही नाही! टेबलाभोवती नाचलो दोघं. संध्याकाळी लॉकी लॅपटॉप देऊन आला.

शुक्रवारी दुपारी मी फरशी पुसत होतो, लॉकी खुर्चीवर पाय वर घेऊन बसला होता. मोरॅग आत आली. काखेत तोच लॅपटॉप.

"लॉकी, तू गोठ्यात एकतीस वेळा गुडघे का टेकलेस?"

माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रत्येक व्हिडिओचं चिमुकलं चित्र कम्प्युटर वेगळ्या फाइलीत जपून ठेवतो. ती फाइल कुणी डिलीट केलीच नव्हती. मग रिकामी जागा पुसून ती जाणार कशी?



"गाय हो म्हणाली का?" मोरॅगनं विचारलं.

"विचार करून सांगते म्हणाली."

"मला तर कुणी विचारलंच नाही बाबा."

लॉकी खुर्चीवरून उतरला तो थेट गुडघ्यावर. पाठ केलेलं सगळं विसरला. "करशील?" एवढंच आलं तोंडून.

"करीन. ऊठ आता, फरशी ओली आहे." ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "आणि तो गायीचा मला बघायचाय हं."

लॉकीनं मला कोपऱ्यात ओढलं. "तुझ्याकडे काही राहिलं नाही ना?"

"राहिलंय. पेनड्राइव्हवर. सगळे एकतीस."

"पूस! शब्द दे."

"दिला. व्हिडिओ पुसतो, रिकामी जागा पुसतो, चिमुकली चित्रंसुद्धा पुसतो. तुझ्या लग्नाच्या जेवणात गाय एकदा सगळ्यांना दाखवली की लगेच."